वानखेडेकाकांचं गूळपाणी

हमिंगबर्ड तोंडासमोर येऊन थांबला ना, की आधी तो दिसतच नाही, आधी वारा लागतो. खरंच. गालावर कुणीतरी बारीक फुंकर मारल्यासारखा. मग आवाज येतो, जुन्या टेबलफॅनचं पातं जाळीला घासतं तसा. आणि मग तो दिसतो, अंगठ्याएवढा, हवेत टांगून ठेवल्यासारखा, आणि तोच तुमच्याकडे बघत असतो. नीट निरखून बघतो, फोटोशी चेहरा जुळतोय का ते बघावं तसा. मी पहिल्यांदा श्वासच घ्यायची थांबले होते. मागून वानखेडेकाका म्हणाले, "श्वास घे वं पोरी. तो काई तुहा व्हिसा पाहून नाई राह्यला."

तर हे काका. हे सगळं लेस्टरमधलं आहे, मी तिथे मास्टर्सला होते आणि नंतर नोकरीची पहिली वर्षंही तिथेच काढली, आणि हा सगळा काळ मी काकांच्या घरी वरच्या छोट्या खोलीत भाड्याने राहत होते. बेलग्रेव्ह रोडपासून चालत जाता येईल असं, ओळीत भिंतीला भिंत लागून असलेलं लाल विटांचं टेरेस्ड घर. काकू मी यायच्या आधीच गेल्या होत्या. घरात काका आणि त्यांची मुलगी सुजाता. ती लेस्टरमध्येच जन्मलेली, कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या महापालिकेत नोकरीला, मराठी बोलायची पण तिच्या मराठीत बाई, पुरुष, वस्तू सगळे एका लाइनीत उभे. "बस आली नाही अजून, तो लेट झाली" असं. काका कधीही सुधारायचे नाहीत. म्हणायचे, "बोलते ना? बोलू दे."

काका मूळचे अकोल्याकडचे. इतकी वर्षं इंग्लंडात काढली तरी वऱ्हाडी सुटली नव्हती, आणि इंग्लिशसुद्धा वऱ्हाडी चालीत बोलायचे. हॉस्पिटलमधून रिटायर झाले होते. तिथे ऑपरेशनची हत्यारं धुऊन निर्जंतुक करायचं डिपार्टमेंट असतं, त्यात सगळी नोकरी काढलेली. म्हणून घरातली स्वच्छता कशी असेल ते ओळखाच. मी एकदा चहाचा कप विसळून ठेवला तर काकांनी तो उचलून खिडकीच्या उजेडात धरला, परत सिंकमध्ये ठेवला. त्यानंतर मी आयुष्यभरासाठी कप धुवायला शिकले. "माह्या हातून गेलेल्या कैचीनं कोणाले इन्फेक्शन नाई झालं," हे ते अभिमानाने सांगायचे, आणि तेवढी एकच गोष्ट अभिमानाने सांगायचे.

आणि गूळपाणी. काकांच्या दाराशी आलेल्या प्रत्येकाला आधी गूळ, मग पाणी. मी पहिल्या दिवशी सूटकेस घेऊन दारात उभी, बाहेर नोव्हेंबरचा पाऊस, दात वाजतायत, आणि हे माझ्यापुढे बशीत गुळाचा खडा आणि ग्लासभर गार पाणी धरून उभे. "बस. आंधी गूळ खा. मंग पाणी पे. मंग सांग काय म्हन्तेस तं." पोस्टमनला गूळ. धर्मप्रचार करायला दोन सुटाबुटातले तरुण यायचे, त्यांना गूळ, आणि मग तेच ऐकत बसायचे, कारण काका त्यांना बुद्धाबद्दल सांगायला लागायचे. बॉयलर दुरुस्त करायला केविन नावाचा माणूस यायचा, त्याला गूळ इतका आवडला की बॉयलर ठीक असतानाही डोकावून जायचा. "तुझी टॉफी आहे का, मी डक?" विचारायचा. (लेस्टरमध्ये कुणालाही 'मी डक' म्हणतात, आपण बाळा म्हणतो तसं. काका म्हणायचे, जिथं जातो तिथं लोक मले बदक म्हन्तात, पन प्रेमानं.)

हे का, ते मी एकदाच विचारलं. काका संत्रं सोलत होते. म्हणाले, त्यांचे वडील गावात कुणाच्या घरी काम घेऊन गेले, उन्हातून, आणि पाणी मागितलं, तर खाली बसायचं आणि ओंजळ करायची. वरून पाणी ओतणार. भांड्याला हात लावायचा नाही. अर्धं पाणी कोपरावरून खाली जायचं. "तं माह्या बापानं घरी येऊन सांगतलं, आपल्या घरी कोनीबी येवो. त्याले आंधी गूळ. मंग पाणी. आन् गिलास त्याच्या हातात." मग मला संत्र्याची फोड दिली आणि विषय संपला.

आता पक्षी. शहराबाहेर एका ट्रस्टचं मोठं ग्लासहाऊस होतं, आत केळी, जास्वंद, उकाडा, आपल्याकडच्या मे महिन्यासारखा, आणि त्यात थोडे हमिंगबर्ड पाळलेले. हेलन नावाची कीपर होती, पन्नाशीची, मोठ्या हातांची, कमी बोलणारी. रिटायर झाल्यावर काका तिथे व्हॉलंटियर झाले. रविवारची शिफ्ट. त्यांचं काम म्हणजे फीडर. हमिंगबर्डना काचेच्या बारीक नळ्यांमधून साखरपाणी देतात, त्या नळ्या रोज गरम पाण्याने, ब्रशने, आतून बाहेरून धुवायच्या, नाहीतर बुरशी धरते. अहो, हे काम काकांसाठीच जन्माला आलं होतं. हेलन म्हणायची, तुमच्या नळ्या बघून मला माझं स्वयंपाकघर दाखवायची लाज वाटते.

त्या उकाड्यात काका लाल लोकरी टोपी घालायचे. घामाने निथळायचे, पण टोपी काढायचे नाहीत, कारण हमिंगबर्ड लाल रंगाला फूल समजून येतात. एकदा विहारातली सगळी मंडळी भाड्याची बस करून बघायला आली. मेश्रामआजींच्या कपाळावर ही एवढी लाल टिकली. एक पक्षी सरळ त्यांच्या कपाळापुढे येऊन थांबला, आणि चोच टिकलीकडे. आजी डोळे मिटून पुतळ्यासारख्या. हळूच म्हणाल्या, "वानखेडे, हे काय करून राह्यलं?" काका म्हणाले, "काई नाई, मावशी. चेक करून राह्यलं, कुंकू ओरिजिनल हाय का."

तो पक्षी म्हणजे पाटील. नाव काकांनीच ठेवलं होतं. सगळ्यात जुना नर, गळ्याला हिरवी चमक, आणि स्वभाव असा की नळी कुठलीही असो, दुसरा पक्षी जवळ आला की हा तीरासारखा अंगावर. स्वतःची तहान भागली तरी बसून पहारा. दुसऱ्यांनी पिऊ नये म्हणून. काका हसत हसत म्हणायचे, "याले पाटील नाई म्हनू तं काय म्हनू?" हेलनने त्याचा अर्थ विचारला तर म्हणाले, "व्हिलेज बॉस. कंट्रोल्स द वॉटर." हेलनला ते इतकं पटलं की फलकावर तेच नाव लावलं.

आणि एका हिवाळ्यात ग्लासहाऊसचं हीटिंग बंद पडलं. सकाळी आम्ही पोचलो, मी काकांबरोबर अशीच जायचे रविवारी, तर पाटील खाली मातीत पडलेला. पाय वर. हेलन म्हणाली, गेला. काकांनी टोपी काढली, मला वाटलं श्रद्धांजली. त्यांनी पाटलाला उचलून टोपीत ठेवलं आणि टोपी दोन्ही तळव्यांत धरून बाकावर बसले. हे पक्षी गारठले की असे बंद पडतात, मेल्यासारखे, पण मेलेले नसतात, हे त्यांना हेलननेच कधीतरी सांगितलेलं. बसून राहिले. टोपीवर तोंड नेऊन ऊन श्वास सोडत. मी म्हटलं, काका, चहा? तर मानेनेच नाही म्हणाले. मग टोपीच्या आत काहीतरी थरथरलं. हेलनने नळी दिली, काकांनी तिचं टोक चोचीला लावलं, आणि त्या चोचीतून दोऱ्यासारखी जीभ बाहेर आली. आत, बाहेर, आत, बाहेर. मी इतक्या जवळून ते बघितलं की अजून डोळे मिटले तरी दिसतं. तो उडाला तेव्हा काकांचे हात तसेच ओंजळीसारखे राहिले. घरी येताना गाडीत एकदम म्हणाले, "पाह्य, पाटलाले पाणी पाजलं म्या. माह्या हातानं." आणि असे हसले की त्यांना गाडी बाजूला घ्यावी लागली.

हे आधी सांगितलं कारण पुढचं सांगताना हे लक्षात असायला पाहिजे.

पुढच्या वसंतात नवे पक्षी आले, दुसऱ्या कुठल्या तरी संग्रहातून, डब्यात बसून, लांबचा प्रवास करून. त्यात एक बारकी मादी. काकांनी तिचं नाव चिंगी ठेवलं. चिंगी केळीच्या पानामागे बसून राहायची. नळीजवळ आली की पाटील हाकलणार. हेलनने लांबच्या कोपऱ्यात तिच्यासाठी वेगळी नळी टांगली, पण चिंगी तिकडेही बघेना. त्या रविवारी हेलन सुट्टीवर होती, आणि मीही गेले नव्हते. संध्याकाळी घरी फोन आला, मी उचलला, तर काका अक्षरशः ओरडत होते. "पेली! चिंगी पेली! गूळपाणी पेली!"

नळ्या भरायच्या खोलीत भिंतीवर मोठा कागद लावलेला होता. फक्त पांढरी साखर. खाली दोनदा रेघ. काकांनी तो दर रविवारी वाचलेला. पण त्यांना ते गोऱ्यांचं खूळ वाटलं. पांढरी साखर म्हणजे नुसतं विष, गुळात ताकद, गुळात लोह, हे आपल्याकडे कोण नाही म्हणत? त्यात पोर लांबून आलेली, दमलेली, पाण्याजवळ गेली की हाकललेली. काकांच्या खिशात गुळाचा खडा असायचाच. तो त्यांनी कोमट पाण्यात विरघळवला, कापडातून गाळला, चिंगीच्या नळीत भरला.

आम्हाला घरी काय आनंद झाला. सुजाताने शेवया केल्या. मी पुण्याला फोनकार्ड संपेपर्यंत आईला तेच सांगितलं. मग दर रविवारी चिंगीची नळी गुळाची, आणि काकांनी आणखी एक दिवस मागून घेतला, त्या दिवशीही. हेलनपासून लपवलं असं नाही. सांगितलं नाही, इतकंच. म्हणाले, "एकदा तब्येत सुधरू दे पोरीची, मंग सांगतो."

चिंगी खरंच पुढे येऊ लागली होती. टोपीजवळ यायची. एकदा माझ्या लाल नेलपॉलिशला चोच लावून गेली, टाचणी टेकवल्यासारखी. मग हळूहळू ती नळीशी यायची, चोच लावायची, आणि तशीच थांबायची. जीभ बाहेर येत नव्हती. आणि एका रविवारी ती केळीखाली पडलेली मिळाली.

काकांनी टोपी काढली. तिला आत ठेवलं. बाकावर बसले, त्याच. तोंड खाली नेऊन श्वास सोडायला लागले. हीटिंग चालू होतं, मला तर घाम फुटला होता, ती गारठून पडली नव्हती हे उघड होतं. हेलन आली, बघितलं, शेजारी बसली. काही वेळाने तिने टोपीवर हात ठेवला. काका म्हणाले, "वेट." ती थांबली. शाळेची एक सहल आली, मुलं शेजारून गेली, एकीने विचारलं यात काय आहे. काका श्वास सोडत राहिले.

शेवटी हेलननेच टोपी हळूच काढून घेतली.

व्हेटकडून निरोप आला तेव्हा हेलनने सगळ्या व्हॉलंटियरना कुंड्यांच्या शेडमध्ये बोलावलं. जिभेला बुरशी, आणि आत लोह साठलेलं. लोह या पक्ष्यांना सोसत नाही. तिने कुणाकडे बघून विचारलं नाही, जमिनीकडे बघून विचारलं, कुणी चुकून मध, ब्राउन शुगर, असं काही दिलं का. मी काकांच्या मागे उभी होते. मला त्यांची फक्त मान दिसत होती, आणि मानेचा रंग बदलताना दिसला. त्यांनी टोपी काढली आणि शाळेत करतात तसा हात वर केला.

"मी," म्हणाले. मराठीतच. मग, "मी. जॅगरी."

हेलन म्हणाली, तुम्हाला कसं माहीत असणार.

ती चांगल्या मनाने म्हणाली. काकांना सुटायची वाट करून देत होती, आणि शेडमधल्या सगळ्यांनी माना हलवल्या, हो हो, कसं माहीत असणार. काका म्हणाले, "आय न्यू. इट इज रिटन ऑन द वॉल." सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मी पण. शेवया आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या होत्या, हात मात्र एकट्याचा वर होता, आणि तो त्यांनी किती तरी वेळ खाली घेतलाच नाही.

त्यानंतर ते ग्लासहाऊसला गेले नाहीत. आणि घरात गूळपाणी बंद झालं. कुणी बोलून बंद केलं नाही. पोस्टमन आला तर काका आतल्या खोलीत जायचे. पाणी द्यायचं असलं की सुजाताला हाक. सुजाता एकदा चिडली. "बाबा, तुम्हीच द्या ना. काय झाली? तो पक्षी आजारी होती आधीच." काका म्हणाले, "तू दे. माह्या हातचं नको."

त्या वाक्याने मी जिन्यातच थांबले. सुजाताला त्यात काही लागलं नाही, तिला ते नुसतं वाक्य होतं. मला ती संत्र्याची फोड आठवली.

केविन आला, नेहमीसारखी टॉफी मागितली. काका म्हणाले, संपली. फ्रिजवर स्टीलचा डबा होता, भरलेला, केविनच्या डोळ्यांसमोर. केविन डब्याकडे बघून म्हणाला, नो वरीज, मी डक, आणि उगाच बॉयलर ठोकून बघत बसला.

मग एका शनिवारी हेलन आली. सुजाता दारातून ओरडली, "बाबा, हेलन आली आहे, तो बाहेर थांबलाय." काका उठले, दारापर्यंत गेले, आणि तिथेच थांबले. पाहुणी उंबऱ्यावर, आणि वानखेडेकाकांचे हात रिकामे. मी त्यांच्याइतकं अवघडलेलं माणूस अजून बघितलेलं नाही. शर्टाचं शेवटचं बटण लावत होते, काढत होते.

हेलन आत येऊन बसली. म्हणाली, नळ्यांना डाग राहतात हल्ली, कुणाला तुमच्यासारख्या धुता येत नाहीत. मग ती म्हणाली, "तुम्ही म्हणे सगळ्यांना ते ब्राउन गोड देता. मला नाही मिळालं कधी."

"नॉट सेफ," काका म्हणाले.

"मी पक्षी नाहीये, मी डक."

काका उठून किचनमध्ये गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. सुजाता उठायला लागली, मी तिचा हात धरला. मग काका बाहेर आले. एका हातात ग्लास, आणि दुसऱ्या हातात बशी, तीच गुळाची बशी, आणि बशीत चमचाभर पांढरी साखर.

कुणी हसलं नाही. हेलनने साखर बघितली. मग काकांकडे बघितलं. आणि बोट ओलं न करता, चमचा न मागता, बशी उचलून ती सगळी साखर तोंडात टाकली आणि वर ग्लास रिकामा केला. काका तिच्या गळ्याकडे बघत होते, प्रत्येक घोटाला. रिकामा ग्लास घेताना म्हणाले, "आय विल वॉश. आय विल नॉट फिल."

तेवढ्यावर ते ग्लासहाऊसला परत जायला लागले. नळ्या धुवायच्या, उपड्या ठेवायच्या, आणि भरायची वेळ झाली की खोलीबाहेर जाऊन उभं राहायचं.

मला एडिनबरात नोकरी लागली तेव्हा निघायच्या आदल्या रविवारी मी शेवटची त्यांच्याबरोबर गेले. सकाळी घरून निघताना फ्रिजवरचा डबा त्यांनी काढून माझ्यापुढे ठेवला. उघडला नाही. "तुह्या हातानं घे," म्हणाले. मी डबा उघडून गुळाचा खडा घेतला, खाल्ला, नळाचं पाणी स्वतःच घेऊन प्यायले, आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले.

ग्लासहाऊसमध्ये हेलन आत नळ्या भरत होती. काका बाहेर केळीपाशी उभे, डोक्यावर लाल टोपी, ती ते परत घालायला लागले होते. मी निरोप घ्यायला त्यांच्याकडे चालत होते आणि आधी आवाज आला, टेबलफॅनचा. पाटील. टोपीपाशी आला, मग खाली उतरून बरोबर त्यांच्या तोंडासमोर थांबला, वीतभर अंतरावर, गळ्याची हिरवी चमक अशी लखलखत. पूर्वी तो असा आला की काका एक बोट पुढे करायचे. पाटील थोडा आणखी पुढे सरकला. काकांच्या हाताच्या उंचीला खाली आला, तिथे शोधल्यासारखं केलं, परत वर आला.

काकांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. एका हातात दुसरा धरला. घट्ट, बोटं पांढरी पडेपर्यंत. आणि तसेच त्याच्यासमोर मान खाली घालून उभे राहिले, तो जाईपर्यंत.